तोंडात कागद कोंबलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून सगळ्यांना वारा घालणारा तो ऐटबाज पंखा नव्हे. मी बाथरूमच्या भिंतीत, वरच्या भोकात बसवलेला. मला एक्झॉस्ट म्हणतात. आतली दमट हवा ओढायची आणि बाहेर फेकायची, एवढंच माझं काम. जागा ओली, काम कळकट आणि माझं तोंड मुळातच फटकळ, तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची आशा ठेवू नका.

कारखान्यात एका बाईने माझी तिन्ही पाती आवळली, मला चालू केलं आणि कान लावून ऐकलं. "चांगला आहे, पण बडबड्या आहे," ती शेजारणीला म्हणाली. तिचा शब्द खरा ठरला. मी फिरायला लागलो की घर्रघर्र आवाज करतोच. पण मित्रांनो, आवाज करणारा कामचुकार असतो असं कुणी सांगितलं?

या घरात मला बसवणाऱ्या वायरमनने घरच्यांना नीट समजावलं होतं. अंघोळ झाली की दार लोटायचं, मला अर्धा तास फिरू द्यायचं. वाफ भिंतीत मुरली की ओल धरते, आणि ओल धरली की बुरशी पाहुणी म्हणून येते आणि घरमालकीण होऊन बसते. घरच्यांनी ऐकलं. दहा वर्षं मी इमानेइतबारे फिरलो. येणारेजाणारे म्हणायचे, "तुमचं बाथरूम काय कोरडं असतं हो." या घरची कर्ती बाई, वहिनी, तेव्हा अशी हसायची, जणू तीच पाती लावून फिरत होती.

मग आत्या आली. आत्या म्हणजे दादाची, वहिनीच्या नवऱ्याची, धाकटी बहीण. नवऱ्याने टाकलेली, मूलबाळ नाही. घरात दादाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून माझ्यासाठीही ती आत्याच. आईने शेवटच्या दुखण्यात दादाकडून वचन घेतलं होतं, "हिला घराबाहेर काढू नकोस." दादाने ते दिलं. आत्याला बाथरूमला लागून असलेली मागची खोली मिळाली. तिथे तिने आपलं शिलाई मशीन मांडलं आणि शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायला घेतले. तिची भाकरी त्या मशीनवर होती आणि मशीन त्या खोलीवर. ती खोली गेली तर तिला जगात दुसरा कोपरा नव्हता.

तिच्या आणि माझ्या मधल्या भिंतीत वर एक जाळी आहे. तिचं मशीन मला ऐकू यायचं, माझी घरघर तिला. ती सुई ओवताना मला म्हणायची, "बोल बाबा, तू तरी बोल." असं मला आधी कुणीच म्हटलं नव्हतं. मी जरा जास्तच फिरायचो.

एक दिवस वहिनी बाथरूमच्या दारात उभी राहिली. "या पंख्याने डोकं उठवलंय. टीव्हीतलं एक अक्षर ऐकू येत नाही. तूच रिकामी आहेस, कागद कोंब त्याच्यात."

आत्या म्हणाली, "वहिनी, मग वाफ कुठे जाणार?"

"तुला विचारून घर चालवायचं का आता?"

आत्या स्टुलावर चढली. वर्तमानपत्राचे बोळे करून तिने माझ्या पात्यांमध्ये घट्ट बसवले. मित्रांनो, ते काम तिच्याच हातून करून घेतलं, हे मी कधी विसरणार नाही.

त्यानंतर चार माणसांच्या अंघोळीची वाफ जाळीतून आत्याच्या खोलीत जायला लागली. त्यात नळाच्या भिंतीतल्या पाइपाचा सांधा पाझरत होता. आधी भिंतीला पिवळट डाग पडला, मग काळे ठिपके, मग मखमलीसारखी काळी लव. कुबट वास सुटला. आत्याने कोरड्या झाडूने भिंत खसाखसा झाडली. झाली की पंचाईत. कोरडी बुरशी झाडली की तिची धूळ उडते आणि जिथे बसते तिथे नवा संसार थाटते. आठ दिवसांत कपाटाच्या मागे, गादीच्या कडेला, शिवून ठेवलेल्या शर्टांवर काळे ठिपके आले. दुकानदाराने अख्खा गठ्ठा परत केला. आत्याला खोकला लागला तो हटेना.

आणि दोष कुणाचा? आत्याचा. "माझ्या घरात इतकी वर्षं एक डाग नव्हता," वहिनी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "काही माणसांच्या पायगुणातच ओल असते." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दादा तर मुलीसमोर हसून म्हणाला, "तुझ्या आत्याला नवऱ्यानेही असंच वाळत टाकलं होतं, तरी ती काही वाळली नाही." मुलगी हसली. आत्यासुद्धा हसली, कारण न हसून जाते कुठे.

तरी तिने हट्टाने एकदा प्लंबरला बोलावलं. तो म्हातारा माणूस होता, हाताने भिंत चाचपणारा. त्याने खोली पाहिली, बाथरूम पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, भिंतीचा काही गुन्हा नाही. सांधा पाझरतोय तो बदलू. पंख्यातला कागद काढा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिंत आधी भिजवून, नाकाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्याने धुवा. पूर्ण वाळू द्या, मगच रंग. एका दिवसाचं काम आहे, बाकीचं वारा करेल."

आत्याचा चेहरा किती उजळला म्हणून सांगू. ती धावत वहिनीकडे गेली. वहिनी म्हणाली, "बघू, ह्यांना विचारते." प्लंबर हत्यारं गुंडाळून निघून गेला.

संध्याकाळी दादा तोंड धुवायला आला. वहिनी मागोमाग आली आणि तिने दार लोटलं. मी वर बसून सगळं ऐकत होतो.

"प्लंबरला नको बोलावूस," ती म्हणाली.

"अगं, ओल वाढेल."

"वाढू दे की. पोरीला अभ्यासाला खोली हवीय. तुम्ही वचन दिलंय, तुम्ही काढू नका. तिचं तीच जाईल."

दादाने नळ बंद केला. टॉवेलने बराच वेळ तोंड पुसलं. "कागद राहू दे मग," तो म्हणाला.

वचनही मोडलं नाही आणि बहीणही जाईल. साप मरे, काठीही न मोडे. माझ्या तोंडात कागद होता, मित्रांनो. नसता तरी मी काय बोलणार होतो? घर्रघर्र.

पुढच्या आठवड्यात वहिनीकडे पाहुणे यायचे होते. "तुझी ती काळी घाण बाथरूममध्येही आलीय. जेवणाआधी साफ झाली पाहिजे," तिने बजावलं. आत्याने बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली. तेवढ्याने भागेना, म्हणून संडास धुवायचं अॅसिड त्यातच ओतलं. ही चूक कुणी म्हणजे कुणीही करू नका. त्या दोन्हींचा मिळून विषारी धूर होतो. वास घरभर जाऊ नये म्हणून बिचारीने दारही आतून लावलं होतं. हिरवट धूर वर आला. तो ओढून बाहेर फेकायलाच तर माझा जन्म. आत्याने बटण दाबलं. माझी मोटर तापली, गुरगुरली, पण पाती तसूभर हलली नाहीत. ती स्टुलावर चढली, दोन बोळे उपसले, आणि तिसऱ्याला हात घालताना खाली पडली. कशीबशी सरपटत गेली आणि कडी काढली.

ती पॅसेजमध्ये छाती धरून पडली असताना वहिनी पहिलं वाक्य काय बोलली, माहीत आहे? "पाहुणे यायच्या वेळेलाच बरं सुचतं तुला."

दवाखान्यातून आत्या परत आली ती पिशवी भरायलाच. डॉक्टरांनी ओलीत राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं. दादाच्या पाया पडून म्हणाली, "दादा, तू सांभाळलंस. आता मीच जाते. शिवणाच्या कारखान्यातल्या माझ्या ओळखीच्या दोघी जणी खोली घेऊन राहतात, त्यांच्यात जागा आहे. मशीन नंतर नेईन." दादा म्हणाला, "तुझी मर्जी." वहिनीने डोळ्याला पदर लावला. तो कोरडाच राहिला, भिंतीपेक्षा कितीतरी कोरडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्लंबर आला. सांधा बदलला, कागद उपसला, मला तेल घातलं. भिंत भिजवून धुतली, पंधरा दिवस वाळवली, मग पांढरी केली. मी जोरात फिरलो. लाज वाटत होती, पण फिरलो. पंख्याला बटण दाबल्यावर नाही म्हणता येत नाही.

महिन्याने आत्या हातगाडीवाल्याला घेऊन मशीन न्यायला आली. खोलीत मुलीचं टेबल, पुस्तकं, नवा पडदा. "आत्या, बघ ना, एक डाग नाही," मुलगी म्हणाली. "प्लंबरकाकांनी एका दिवसात सांधा बदलला, भिंत धुतली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

आत्याने भिंतीवरून हात फिरवला. मग जाळीकडे, माझ्या आवाजाकडे तिने बराच वेळ पाहिलं. दादा दारात उभा होता. त्याला तिने एकच विचारलं, "दादा, तुला माहीत होतं?"

दादा म्हणाला, "जिन्यावरून मशीन जपून ने."

ती खोकत खोकत जिना उतरली. ती पुन्हा आली नाही.

आता मी रोज अर्धा तास फिरतो. भिंत खडखडीत कोरडी आहे. माझं पुन्हा कौतुक होतं. आणि कुणी आलं की वहिनी त्यांना ती खोली दाखवते आणि म्हणते, "बघा, ती गेली आणि बुरशीही गेली. मी म्हणत नव्हते?" लोक भिंत पाहतात आणि मान डोलावतात. मी जितका नीट फिरतो तितकी ती खोटारडी खरी ठरते, मित्रांनो, आणि मला थांबता येत नाही.

तेव्हा तुमच्या घरात काळा डाग दिसला तर पाणी कुठून येतंय ते शोधा, खिडकी उघडा, पंख्याचं तोंड मोकळं ठेवा. पण त्याच्याही आधी एक बघा. त्या भिंतीशी कोण झोपतं, आणि तो डाग पुसायची घाई कुणालाच का नाही, ते विचारा. मोठ्याने विचारा. तुमच्या तोंडात कुणी कागद कोंबलेला नाही.