दोन दिवसांचं काम

सिंधूताईंनी खुरप्याचं टोक गवतात रोवलं, चौकोनी तुकडा कापून वर काढला आणि तळहातावर धरला. वर बोटभर हिरवं, खाली काळी माती, आणि दोन्हींच्या मधे वाळक्या काड्यांचा, मेलेल्या मुळ्यांचा जाड तपकिरी थर. जुन्या गादीतला कापूस दबून बसावा तसा.

"मंग काकू? किती दिवस धरू?" कुलदीपनं विचारलं.

नांदुऱ्याहून मोताळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर कुलदीपच्या वडिलांचं, उकंडरावांचं, लग्नाचं लॉन होतं. यंदा पावसाळ्यात त्यात पाणी मुरेना. चालताना पाय फसायचा, गवत वरून हिरवं आणि आतून कुजकट. दसरा होऊन गेला होता. तुळशीच्या लग्नानंतर लगेच कुलदीपच्या बहिणीचं, डिंपलचं लग्न याच लॉनवर व्हायचं होतं. तो वाळका थर खरवडून काढला आणि वरून खत-पाणी दिलं, तर तोवर गवत नव्यानं फुटेल, असा हिशेब होता. पण खरवडायला किती दिवस, किती माणसं, कोणतं मशीन, हे आधी सांगायला हवं होतं. मशीन अकोल्याहून भाड्यानं यायचं आणि हंगामात ते हव्या तितक्या दिवसांसाठी मिळत नसे.

सिंधूताईंनी तुकडा फिरवून फिरवून पाहिला. त्यातून त्यांना काहीच कळेना. इतकी वर्षं त्या ठिकठिकाणच्या लॉनच्या कामांवर जात होत्या, पण कचरा ओढायचं दाताळं घेऊन मागून चालायच्या. पुढं त्यांचे यजमान, जानराव असायचे. ते टाचेनं जमीन दाबत एक फेरी मारायचे आणि "इथं एवढे दिवस, एवढ्या बाया," म्हणून सांगून टाकायचे. तो अंदाज कुठून येतो हे सिंधूताईंनी कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.

जानराव आत्ताही आले होते. फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उन्हाळ्यात लकवा मारला तेव्हा उजवा हात-पाय गेला आणि त्याबरोबर बोलणंही. पाय हळूहळू परत आला. शब्द आले नाहीत. म्हणजे, काही आले. "जय भीम" ते खणखणीत म्हणत. बायकोचं नाव मात्र त्यांच्या तोंडून येत नव्हतं.

सिंधूताई तुकडा घेऊन त्यांच्याजवळ गेल्या. "अहो, पाहा बरं. किती दिवस लागतीन?"

जानरावांनी तुकडा डाव्या हातात घेतला, अंगठ्यानं दाबला. मग लॉनकडे पाहिलं. फाटकापासून पार स्टेजपर्यंत.

"दोन," ते म्हणाले.

सिंधूताईंच्या जिवात जीव आला. "दोन दिवस?"

"दोन. दोन." त्यांनी हात हवेत इकडून तिकडे हलवला. चेहरा आक्रसला होता. उन्हानं असेल.

"कुलदीपभाऊ, दोन दिवस धरा," सिंधूताई म्हणाल्या. "एक मशीन. बाया मी आनते."

"पक्कं ना काकू? मशीन मंग तेवढ्यापुरतंच सांगतो."

"पक्कं."

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला. "बिस्किटं देऊ का?" असं विचारलं तर जानराव म्हणाले, "दोन." दोन दिली. त्यांनी एक खाल्लं आणि दुसरं बशीतच ठेवलं.

सिंधूताईंनी त्या उरलेल्या बिस्किटाकडे पाहिलं. त्या समोर बसल्या. "अहो, लॉनचं दोन म्हनले तुमी, ते दोन दिवस ना?"

जानरावांनी मान डोलावली.

"का दोन मशीनी?"

त्यांनी मान डोलावली.

"दोन बाया?"

पुन्हा डोलावली, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सिंधूताईंनी विचारणं बंद केलं.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, पायलचा फोन आला. सिंधूताईंनी सगळं सांगितलं. पायलनं मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, "आई, इथे लिहिलंय की असं मशीन तासाभरात पाच-दहा हजार स्क्वेअर फूट करतं. तुमचं लॉन केवढं आहे?"

"एक एकराले थोडं कमी. फुटात मले काय मालूम."

"मग तर एका दिवसातच होईल की! बाबांनी दोन सांगितले म्हणजे जास्तच झाले."

"पन त्यात उचलाचं धरलं का त्यायनं? निघालेला कचरा गोळा कराचा, भराचा, नेऊन टाकाचा?"

पायल थोडा वेळ शोधत राहिली. "ते नाही दिलंय गं इथे. बाबांनाच विचार ना परत. दे त्यांना फोन."

सिंधूताईंनी फोन जानरावांच्या कानाला लावला. "जय भीम," ते लख्ख आवाजात म्हणाले, आणि पलीकडून पायल काय काय बोलत राहिली ते नुसतं ऐकत बसले.

मशीन आलं त्या दिवशी सुरुवात झकास झाली. मंजुळाबाई आणि तिच्यासोबतच्या बायका दाताळी घेऊन आल्या. मशीन चालवायला अकोल्याचाच माणूस होता. खालचा पोलादी पात्यांचा रूळ फिरायला लागला आणि हिरव्या गवताच्या मधून वाळक्या काड्यांचे लोटच्या लोट वर आले. फाटकाकडची हरळी चिवट. पाती तिच्यातून जायची आणि मुळं जागच्या जागी राहायची. पण कचरा एवढा निघाला की बायकांना तो ओढता ओढवेना. मशीन पुढं पळत होतं आणि मागं ढिगारे वाढत होते. ट्रॉली भरून गेली, रिकामी होऊन आली, पुन्हा भरली.

"सिंधूबाई, हे उचलाचं काम आपन धरलंच नाई व," मंजुळाबाई कमरेला हात लावून म्हणाली.

"नाई धरलं," सिंधूताई म्हणाल्या. जानराव ते धरायचे की नाही, हेही त्यांना आता आठवेना.

दुसऱ्या दिवशी मशीन स्टेजकडच्या अर्ध्या भागात शिरलं. इथं गुलमोहराची सावली होती, गवत गडद आणि मऊ दिसत होतं. सावलीमुळे असेल, असं सिंधूताई पाहायला आल्या तेव्हाच त्यांनी गृहीत धरलं होतं आणि खुरपं फक्त फाटकाजवळ चालवलं होतं. मशीन थोडं पुढं गेलं आणि मागून मंजुळाबाई ओरडली. पात्यांनी काड्या काढल्याच नव्हत्या. गवताचे गठ्ठेच्या गठ्ठे मुळांसकट उपटून आले होते, आणि मागं उघडी काळी माती पडली होती. अंगावरची खपली निघावी तशी.

"बंद करा! बंद करा ते!" सिंधूताई धावल्या.

मशीन थांबलं. मंजुळाबाईनं एक गठ्ठा उचलला, बोटांनी पसरवला. "हे तं दुसरंच गवत हाये. पाहा ना, कसं बारीक पातं. हरळी नोय."

सिंधूताईंनी हातात घेतलं. खरंच ते दुसरं होतं. मऊ, दाट, मुळं वरच्या वर. दोन. त्यांनी वळून फाटकाकडे पाहिलं. जानराव खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि डावा हात इकडून तिकडे हलवत होते.

दोन प्रकारचं गवत म्हणायचं होतं का त्यांना? की दुसरंच काही? की बिस्किटासारखंच ते दोन?

तेवढ्यात कुलदीप मोटरसायकलवरून आला. उघडी माती पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे काय करून ठेवलं काकू? अवो, हे बाबानं हौशीनं आनवलेलं कोरियन गवत हाये! जानरावकाकांनीच तं लावलं होतं. तुमाले मालूम नाई?"

सिंधूताईंना माहीत नव्हतं. पायलच्या बाळंतपणासाठी त्या बरेच महिने पुण्याला होत्या, तेव्हाचं ते काम असणार. नंतर लॉनवर कुलदीपचाच माणूस गवत कापत होता. घरात या गवताचा विषय निघाला असेल तरी त्यांनी लक्ष दिलं नसेल. तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय होतं, आणि आता त्यातलं किती तिथंच अडकून पडलं होतं!

"दोन दिवस कोन म्हनलं होतं?" कुलदीपचा आवाज चढला. "डिंपलच्या लग्नात पावने या मातीत बसवू काय? कोन म्हनलं होतं दोन?"

जानराव हळूहळू चालत जवळ आले होते. आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. कुलदीपकडे पाहत नव्हते, सिंधूताईंकडे पाहत होते.

"मी म्हनलं," सिंधूताई म्हणाल्या. "खुरपं मी एकाच जागी लावलं. पूर्ण लॉन फिरून पाहाले पायजे होतं, नाई पाह्यलं. माहा अंदाज चुकला."

कुलदीप वाकून उघडी माती पाहू लागला.

"मशीन आजच वापस धाडा," त्या पुढं म्हणाल्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पुढचं वाक्य सापडतं आहे. "या बाजूले मशीन चालत नाई. हातानं, दाताळ्यानं, वरच्या वर मोकळं कराचं. जोर लावाचा नाई. पाच बाया आन् आठवडा तरी. कचरा नेनं वेगळं. उपटून आले ते गठ्ठे आताच वल्ले करून परत दाबू, जगले तं जगले. राह्यली उघडी माती, तं ते भरनार नाई लग्नापर्यंत. तिथं आइस्क्रीमवाल्याचा टेबल लावा."

"नक्की ना आता?"

"नक्की नाई," सिंधूताई म्हणाल्या. "पन अंदाज हाये."

कुलदीपनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "करा," म्हणाला आणि मशीनवाल्याशी बोलायला गेला.

आठवडाभर बायका वाकून दाताळी ओढत होत्या. एका दुपारी सगळ्या जेवायला बसल्या असताना जानरावांनी एक दाताळं उचललं आणि फाटकाकडच्या बाजूला, जिथं हरळीला नवे कोंब फुटले होते तिथं, डाव्या हातानं ओढायला लागले. कोंब तुटत होते. मंजुळाबाई उठायला लागली, तिला सिंधूताईंनी हातानंच बसवलं. त्या स्वतः गेल्या. दाताळ्याचा दांडा धरला. जानरावांनी सोडला नाही. दोघंही थोडा वेळ तसेच दांडा धरून उभे राहिले.

"हे झालं हो," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "हे तुमचं झालं."

मग त्यांची बोटं सैल झाली. सिंधूताईंनी दाताळं नेऊन गुलमोहराला टेकवलं आणि पदरानं तोंड पुसायला त्यांना तिथं जरा वेळ लागला.

काम आठवड्यात झालं नाही, चार दिवस वर लागले. मातीत परत दाबलेल्या गठ्ठ्यांपैकी निम्मे जगले.

डिंपलच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला उकंडराव स्वतः घरी आले होते. लग्नाच्या दिवशी सिंधूताईंनी जानरावांना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दिला. लॉन एकसारखं नव्हतं. फाटकाकडे चकचकीत हिरवं, स्टेजकडे फिकट, विरळ. आइस्क्रीमच्या टेबलाखाली काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं. सिंधूताई मात्र सारख्या तिकडेच पाहत होत्या.

जेवणं झाल्यावर एक गृहस्थ जानरावांना शोधत आले. धामणगाव बढे गावचे नारायणराव. त्यांनी गावाबाहेर हॉटेल काढलं होतं आणि पुढं गवत लावलं होतं. ते खुर्ची ओढून जानरावांसमोर बसले. सिंधूताई पाण्याचा ग्लास घेऊन मागं उभ्या होत्या.

"जय भीम," जानराव म्हणाले.

"जय भीम, जय भीम. जानराव, आमच्याही गवतात हाच रोग हाये. पाय फसते. तुमीच सांगा आता, किती दिवसांचं काम राहीन? मशीन लागन का हातानं?"

आता ते 'दोन' म्हणतील, असं सिंधूताईंना वाटलं. त्या वाट पाहत राहिल्या. जानरावांचे ओठ हलले आणि मिटले. त्यांनी मान वळवून सिंधूताईंकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

नारायणरावांनीही मग वर पाहिलं.

"मी येते पाहाले," सिंधूताई म्हणाल्या. "पूर्ण फिरून पाहीन. मंग सांगीन."

"बरं, बरं. या ना. पन जराशी कल्पना..."

जानरावांनी डावा हात लांब करून शेजारची रिकामी खुर्ची धरली. लोखंडी, जड खुर्ची होती. एका हातानं ओढताना तिचे पाय गवतात अडकत होते. नारायणराव मदतीला उठायला लागले, तर जानरावांनी मान हलवली. सिंधूताई ग्लास हातात धरून थांबल्या. खुर्ची थोडी थोडी करत जवळ आली, सरळ झाली, आणि मगच सिंधूताई त्या दोघांच्या मधे बसल्या.