जमनीच्या फेटियावरचा भोकाचा पैसा

मी भोकाचा पैसा बोलतोय. माझा आवाज बारीक आहे, त्यामुळे तुम्हाला थोडं जवळ यावं लागेल. मध्येच मोबाइल वाजला तर मी गप्प होईन. राग मानू नका. हल्ली त्या आवाजाची मला फार भीती वाटते.

सध्या मी महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यात, नंदाबाईच्या घरात, खिडकीच्या फळीवर पडलेलो आहे. फुलसावंगीचा बाजार इथून चालत तासाभराच्या वाटेवर. घरातली माणसं स्वतःला गोरमाटी म्हणवतात, आपसात गोरबोली बोलतात. तुम्हाला समजावं म्हणून त्यांचं बोलणं मी बाजारातल्या वऱ्हाडीत सांगतो.

माझा जन्म १९४३ सालचा. तेव्हा जगात दुसरं महायुद्ध चालू होतं. माझ्याआधीचे पैसे भरीव होते. त्यांच्यावर राजाचं डोकं होतं. माझ्या वेळेला तांबं कमी पडलं, कारण ते काडतुसांसाठी हवं होतं. म्हणून मला मधून पोखरलं. राजाच्या डोक्याला जागाच उरली नाही. वर नुसता मुकुट राहिला आणि त्याच्याखाली भोक.

टाकसाळीतले कामगार बोलायचे, तेवढं मी ऐकलं होतं. आमच्या पोटातून वाचलेलं तांबं गोळ्यांच्या कामाला जाणार. तेव्हा मी अगदी नवा होतो, चकचकीत होतो. माझाच एक तुकडा आता कुणाला तरी मारायला निघाला होता, आणि तो कुठे गेला हे मला कधीच कळणार नव्हतं.

देवीलालच्या हातात मी आलो तो फुलसावंगीच्या बाजारात, गुळाच्या खरेदीतून उरलेला सुटा पैसा म्हणून. देवीलाल वीस-बावीस वर्षांचा होता, बैलगाडी हाकायचा. त्याने मला उन्हात धरलं आणि दुकानदाराला म्हणाला, "सेठ, फुटका पैसा काहून देता?"

"फुटका नाही रे बाबा, नवा आहे. लढाई चालू आहे ना, आता असेच येतील."

देवीलालला ते पटलं नाही. तांड्यात पोचेपर्यंत तो स्वतःशी पुटपुटत होता. पण त्याच्या बायकोने, जमनीने, मला पाहिलं आणि ती खळखळून हसली.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. तांड्यातल्या बाया घागऱ्याला फेटिया म्हणतात. फेटियावर त्या आरसे, कवड्या आणि नाणी शिवतात. नाणं शिवायचं तर आधी सोनाराकडे जाऊन त्याला भोक पाडून घ्यावं लागतं. मी मात्र भोकासकटच आलो होतो.

"सरकारले आमची दया आली," जमनी म्हणाली. "गोरमाटी बायाइले सोनाराकडं जा लागू नये म्हणून भोक पाडूनच धाडला."

शेजारच्या बायांनाही ते पटलं. पुढे कितीतरी दिवस त्या तांड्यात हाच समज होता की सरकारने हा पैसा आपल्यासाठीच काढला आहे. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी कसा सांगणार? जमनीने लाल दोऱ्याने मला कमरेपाशी शिवून टाकलं, एका बाजूला कवडी आणि दुसऱ्या बाजूला आरसा.

महिना झाला नसेल तोच, जमनी आणि देवीलाल बाजारात असताना, तिथे भरतीवाला आला. त्याच्या पायात बूट होते आणि आवाजात गोडवा. त्याला खेचरं हाकणारी माणसं हवी होती.

"बैल हाकतोस ना? मग खेचर काय वेगळं असते?" तो देवीलालला म्हणाला. "तुले लढाचं नाही. फक्त सामान वाहाचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरलेलो नाही.

देवीलालच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. सामान वाहायचं म्हणजे भीती कसली, असं त्याला वाटलं. जाताना त्याने माझ्यावर बोट टेकवलं. "हा संगं नेऊ का?" त्याने विचारलं. "राहू द्या. आल्यावर दुसरा आणजा, जोडी लावीन," जमनी म्हणाली. तेव्हा तिला चौथा महिना होता.

तो ब्रह्मदेशाकडे गेला एवढं कळलं. एक कार्ड आलं. मग काही आलं नाही.

युद्ध संपलं. राजा गेला, देश स्वतंत्र झाला. पुढे नवे पैसे निघाले आणि बाजारात मला कोणी विचारेना. रॉकेलच्या आणि कापडाच्या रांगा जमनीने पाहिल्या, कमरेवर मी होतो म्हणून मीही पाहिल्या. सगळे म्हणायचे, लढाई संपली. जमनीच्या घरात मात्र ती संपलीच नाही.

तांड्यात लग्न झालेली बाई दंडात बलिया म्हणजे पांढऱ्या बांगड्या घालते, आणि केसांत चांदीची टोपली अडकवते. नवरा गेला की ते सगळं उतरवतात. जमनीचा नवरा गेला होता की नव्हता? तालुक्याहून एकजण कागद घेऊन आला. "इथं अंगठा लाव. नवरा मेला असं मान. मग तुले पेन्शन भेटन."

तिने त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, आणि अंगठा लावला नाही.

"मी अंगठा लावीन अन् थो दुसऱ्या दिवशी दारात उभा राह्यला तं? त्याले काय तोंड दाखवू?"

माणूस दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. पेन्शन आली नाही, म्हणून मुलगा धनसिंग शाळेत गेला नाही. तो दुसऱ्याची जनावरं राखत मोठा झाला. धनसिंगचा मुलगा राजकुमार आता बायकोला घेऊन दर वर्षी ऊसतोडीला जातो, यंदाही गेला आहे. दूरच्या देशातल्या लढाईची झळ इतक्या लांब येते, हे शाळेच्या पुस्तकात लिहितात की नाही मला माहीत नाही.

लग्नात जमनीला कुठे बसवायचं ते बायांना कळत नसे. नवरीला हळद लावायला तिला कोणी बोलावत नव्हतं, आणि विधवांच्या रांगेत ती स्वतः बसत नव्हती. ती दाराच्या चौकटीपाशी उभी राहायची. "आली बिनखबरीची सवाशीण," असं एक बाई एकदा म्हणाली. जमनीने कमरेवरच्या मला मुठीत घट्ट धरलं.

धनसिंगची बायको नंदाबाई सून म्हणून आली ती सतरा वर्षांची. तिने जमनीबरोबर पंचवीस वर्षं काढली. म्हातारपणी जमनीचे दंड सुजले, बलिया मांसात रुतल्या. डॉक्टर म्हणाले, कापून काढा. जमनीने हात पाठीमागे लपवले. एखाद्या लहान मुलीने लपवावेत तसे.

ती गेली त्या दिवशी अंगणात बायांचा वाद झाला. हिला सवाष्ण म्हणून न्यायचं की विधवा म्हणून? ऊन चढत होतं. शेवटी नंदाबाईनेच सासूच्या केसांत टोपली नीट बसवली आणि म्हणाली, "उचला आता."

फेटिया मात्र तिने ठेवून घेतला. मी तीस वर्षं लोखंडी पेटीत होतो, कडुलिंबाच्या पाल्यात. शेजारची कवडी पिवळी पडली, आरशाला तडा गेला. तांड्यातल्या मुली साड्या नेसू लागल्या, ड्रेस घालू लागल्या, फेटियाला कोण विचारतो? अंधारात माझ्या मनात एकच विचार फिरायचा. देवीलालला गोळी लागली असेल, तर त्या गोळीत माझ्या पोटातलं तांबं तर नव्हतं ना? लढाईत काडतुसं लुटली जातात, कोणाची गोळी कुठून सुटते कोण सांगणार? ज्या घरात मी सुखाने राहिलो, त्या घराचा माणूस मीच तर नाही ना मारला? याचं उत्तर मला कधी मिळणार नाही. म्हणून ती भीतीही जात नाही.

आणि मग या थंडीत ते वाक्य मी पुन्हा ऐकलं.

पेटी खाटेखाली असते. खाटेवर बसून कोणीतरी बोलत होतं. नंदाबाईचा नातू लखन, राजकुमारचा मुलगा, पिकअप चालवतो. त्याच्यासमोर शहरातला एक एजंट बसला होता.

"देश थंडीचा आहे, बर्फ पडते, पण कपडे तिकडचे लोक देतात. पिकअप चालवतोस ना? मग ट्रक काय वेगळा असते?" आणि मग तो म्हणाला, "तुले लढाचं नाही. फक्त सामान वाहाचं."

मी कवडीला विचारलं, ऐकलंस का? मला ओरडावंसं वाटलं. पण नाण्याला ओरडता येत नाही. कोणी आपटलं तरच आमचा आवाज निघतो.

जायचा दिवस परवाच उजाडला. दहा वाजता जीप येणार होती. पासपोर्ट आधीच एजंटकडे गेला होता. बॅग दारात भरून ठेवलेली, तिच्यावर नवं जॅकेट. लखनची बायको संगीता चुलीपुढे त्याच्यासाठी वाटेच्या भाकरी थापत होती. त्यांच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे. सासरी ती मोठ्यांसमोर फारसं बोलत नाही.

"दादी," लखन म्हणाला, "पणजोबाची निशाणी दे ना. थो पैसा. गळ्यात बांधतो."

नंदाबाईने पेटी ओढली. तीस वर्षांनी उजेड पाहिला आणि माझे डोळे दिपले. तिने फेटिया मांडीवर घेतला, लाल दोरा दातांनी तोडला. मी तिच्या तळहातावर पडलो. पण तिने मला लखनला दिलं नाही. मूठ मिटली.

"देईन. पहिले एक सांग."

"काय?"

"मी तुले अडवत नाही. तुह्या बापानं अडवलं नाही, मी कोण? पण तुही खबर नाही आली, तं या पोरीनं किती वरस वाट पाहाची?"

लखन हसला. "दादी, आता फोन असते. रोज व्हिडिओवर दिसीन. बर्फ दाखवीन तुले."

"तुह्या पणजोबाजवळ बी कार्ड होते. सरकारनं देलते. एक आलं."

"थे जुनं झालं दादी."

"हो, जुनं झालं. म्हणूनच आकडा इचारून राह्यली. एक वरस? दोन? का माह्या सासूवानी मरेपर्यंत? माह्या सासूले कोणी सांगतलं नाही, म्हणून तिचे दंड सडले. तू शिकलेला आहेस, तू सांगून जा."

लखनचं हसू तोंडावरच राहिलं. तो संगीताकडे पाहून म्हणाला, "काहीबी बोलते दादी."

संगीताने भाकरी तव्यावर टाकली. हात पिठाने भरलेले होते. ती मागे न वळता म्हणाली, "सांगा ना. मले बी माहीत पाह्यजे."

भाकरी जळायला लागली तरी कोणी उलटली नाही.

नंदाबाईने मूठ उघडली आणि मला लखनच्या हातात ठेवलं. तो मला बोटांत फिरवत राहिला. मग त्याने मला डोळ्यासमोर धरलं, लहान मुलं धरतात तसं. माझ्या भोकातून त्याला संगीता दिसली, एवढीशी, धुरात, पाठमोरी. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं आता आकडा येणार. त्याने पुन्हा तोंड मिटलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मग फोन वाजू लागला. फोन याच फळीवर होता. लखनने मला फोनशेजारी ठेवलं. फोन थरथरत होता, त्याच्याबरोबर फळी आणि फळीबरोबर मी. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी लखनने उचलला.

"मी नाही येत."

पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. आधी शिव्या, मग गोडवा, मग पुन्हा शिव्या. "अन् माहा पासपोर्ट?" लखनने विचारलं. "पासपोर्टाचं मंग पाहू. तुही जागा खाली नाही राहत. घाटंजीकडचा एक तयार आहे, आत्ता उचलतो त्याले."

जीप गेली. संगीता जळलेली भाकरी घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. नंदाबाईने फेटिया घडी करून पेटीत ठेवला. मला परत शिवायचं ती विसरली, किंवा तिला शिवायचं नसेल. म्हणून मी इथे आहे. पासपोर्ट अजून आलेला नाही. फोन वाजला की घरातले तिघंही एकदम थांबतात.

मी आता ऐंशी वर्षांपुढचा झालो आहे. माझी काही किंमत नाही. तरी एक विनंती आहे. तुमच्या गावात गोड आवाजाचा माणूस आला आणि "तुले लढाचं नाही" असं म्हणाला, तर नंदाबाईने विचारलं ते निघणाऱ्याला विचारा. सगळ्यांसमोर विचारा, बॅग दारात असतानाच.

सकाळचं ऊन माझ्या भोकातून समोरच्या भिंतीवर पडतं. छोटासा गोल ठिपका, तो हळूहळू सरकतो. तो पाहत मी घाटंजीकडच्या त्या मुलाचा विचार करतो. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याच्या घरी चुलीपाशी कोण होतं, तेही माहीत नाही. तिथे कोणी आकडा विचारला असेल का?