साताचा भाग

पालमहून परभणीची एसटी सुटली तेव्हा सिद्धोधनराव अगदी निवांत होते. बबिताचं नाव आज डी.फार्मसीला घालायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. पोरगी मात्र बी.एस्सी. गणितासाठी हटून बसलेली. सिद्धोधनराव कचेरीत कारकुनी करून मुरलेले, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिलाच नाही. सरांनी घातलेलं एक कोडं तिला कैक दिवस सुटत नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"परभणीचं स्टँड यायच्या आत ते कोडं सोडीव. मंग घे गणित," ते म्हणाले.

कोडं असं: एक ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जावा, पहिल्या तिनांच्या तिनाने, असं करत करत सबंध संख्येला नवाने.

"त्यात काय एवढं? उलटे अंक लिही की!" सिद्धोधनराव म्हणाले.

९८७६५४३२१. आणि काय सांगावं, भाग जाऊ लागले! दोन, तीन, चार, पाच, सहा! सिद्धोधनरावांची छाती फुगली. साताला बाकी उरली पाच. त्यांना भलताच राग आला. त्यांनी पोरीच्या हातून कागदच ओढून घेतला.

"पप्पा, असं अंदाजानं न्हाई," बबिता म्हणाली. "पाचव्या जागी पाचच येतो. सम अंक समच जागी. चौथ्या अन् आठव्या जागी दोन न्हाईतर सहा."

गंगाखेड मागं पडलं, पोखर्णीही गेली. साडेतीन लाखांहून जास्त संख्यांतून दहाच शिल्लक राहिल्या. दहाही बाकी सगळीकडे पास, बघायचा राहिला तो फक्त साताचा भाग! दोघं आळीपाळीने भागू लागले. एकेक संख्या बाद होत होती आणि सिद्धोधनराव चुकचुकत होते. आपण कोणाच्या बाजूने आहोत हे ते पार विसरून गेले होते.

"चला, परभणी!" कंडक्टर रेणुकाबाई ओरडल्या.

बबिताने पेनाला टोपण लावलं. तिचे डोळे भरून आले. "हरले मी, पप्पा. चला फार्मसीला."

सिद्धोधनराव जागचे हलले नाहीत. त्यांच्यासमोर ३८१६५४७२९ होती.

"अवो काका, उतरा की! गाडी लावायलेत डेपोत."

"थांबा वो बाई! सात पंचे पस्तीस, बाकी तीन... सात चोक अठ्ठावीस... सात दुणे चौदा... सात एके सात..." ते एकदम उठले आणि त्यांचं डोकं वरच्या फळीवर आपटलं. "शून्य! बबे, बाकी शून्य!"

बबिताने पुन्हा एकदा आठाने भागून पाहिलं, नवाने पाहिलं. गेला, गेला! तिला हसू आवरेना. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. "पण स्टँड तर कवाच आलं, पप्पा."

"आलं तर आलं! अजून तीन राह्यल्यात नव्हं? अशी ही एकटीच हाय का आणिक कोणी हाय, ते बगाया नको?" सिद्धोधनराव डोकं चोळत पायऱ्या उतरले. "चल बिगीबिगी. बी.एस्सी.च्या रांगेत उभं राहून भागू त्या तिन्ही."