फक्त मांडणी

दोन ओळी वर-खाली झाल्या होत्या. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर-खालीच होत्या.

गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. बाकीचे सगळे चहाला गेले होते आणि मी एकटी, सोमवारी इस्पितळांना पाठवून झालेला कोड पुन्हा उकरत बसले होते. कारण मी भित्री आहे. गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, जिना उतरून परत चढते. आमचे हे म्हणतात, तुझ्यासोबत बाहेर पडायचं म्हणजे दोनदा निघावं लागतं. ऑफिसात मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे काळजीवाहू. म्हणेनात का. बावीस वर्षं मी औषधाच्या पंपाचा प्रोग्राम लिहितेय. खाटेशेजारी उभा असतो तो, सिरिंज हळूहळू दाबत औषध सोडणारा. असल्या कामाला माझ्यासारखं माणूसच बरं.

आमच्याकडे भांडणं व्हायची ती कोडमधल्या मोकळ्या जागांवरून. कोणी ओळीआधी चार जागा सोडायचं, कोणी दोन. कंस त्याच ओळीत की खालच्या, यावरून दोघे तर जेवताना एका टेबलावर बसेनासे झाले होते. शेवटी बिल्डवाल्याने तोडगा काढला. आम्ही लिहिलेल्या कोडचं पंपाला समजेल असं रूप तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि ते सांभाळतो तो आमचा बिल्डवाला. त्याने बिल्डमध्येच एक फॉरमॅटर बसवला. बिल्ड सुरू झालं की हा गडी आधी सगळ्या फायलींवरून हात फिरवणार. जागा सारख्या करणार, कंस सारखे करणार, आणि फायलीच्या डोक्याशी दुसऱ्या फायलींना बोलावणाऱ्या ज्या ओळी असतात, त्या अक्षरांच्या क्रमाने लावणार. अर्थाला धक्का लागत नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. सगळे खूश झाले. खोटं कशाला बोलू, मीही झाले.

पहिल्याच फेरीत हजारो ओळी बदलल्या. आमचा नियम असा की कोडला हात लागला की लहान मुलांच्या पंपाची चाचणी हाताने करायची. ती माझ्याकडे असते. एकेक आकडा टाकून बघायचा, पंप कुठे अडतो ते लिहायचं, अख्खा दिवस जातो. पण फॉर्मवर एक चौकोन आहे, 'फक्त मांडणी'. तिथे खूण केली की चाचणी माफ. शुक्रवारी मी फॉर्म हातात धरून घुटमळत होते, तेव्हा कोणीतरी म्हणालं, मॅडम, केर काढल्यावर कोणी घर पुन्हा मोजतं का? सगळे हसले. मीही हसले, खूण केली आणि खाली सही ठोकली. त्या दिवशी मला भित्रं दिसायचं नव्हतं.

आणि त्या दोन ओळी माझ्याच हातच्या, बावीस वर्षांपूर्वीच्या. एक ओळ लहान मुलांच्या मर्यादांची फाईल बोलावते, दुसरी मोठ्या माणसांच्या. जी आधी येईल तिचे आकडे पंप धरतो, दुसरीचे सोडून देतो. म्हणून मुलांच्या पंपात मुलांची ओळ वर होती. फायलींची नावं इंग्रजीत, मोठ्यांचं 'ए'वरून, मुलांचं 'सी'वरून. फॉरमॅटरने इमानेइतबारे 'ए' वर नेला. इथला क्रम बदलू नये, एवढं एक वाक्य मी तेव्हा शेजारी लिहायला हवं होतं. माझ्याशिवाय हात लावणार कोण, अशा गुर्मीत लिहिलं नाही.

नर्सच्या हातून चुकून मोठा आकडा पडला तर पंप ओरडतो आणि सुरूच होत नाही, हे त्या मर्यादेचं काम. मुलांचा पंप तासाला चार मिलीलिटरच्या वर जात नाही. आता तो साठपर्यंत मुकाट्याने जाणार होता. सोमवारपासून जातच होता.

माझी मुलगी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. इस्पितळाच्याच होस्टेलवर राहते. त्यांच्या पंपांत सोमवारचा प्रोग्राम भरला गेला, हे तिनेच मला फोनवर सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, तुझे पंप आहेत म्हणून आम्ही निर्धास्त असतो.

असं काही सापडलं तर आधी साहेबांना सांगायचं, त्यांच्या सहीशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम आहे. मला तो पाठ आहे, अर्धा तर मीच लिहिलाय. साहेबांची केबिन वीस पावलांवर होती. मी आधी मुलीला फोन लावला.

पंपांवर विसंबू नका, मी म्हटलं. मुलांच्या पंपाची मर्यादा गेली आहे, प्रत्येक आकडा दोघींनी मिळून बघा, तासाभरात कंपनीचा फोन येईलच. मागे कुठेतरी एक मूल किरकिरत होतं.

"आई," ती म्हणाली, "काल मी दीडच्या जागी पंधरा टाकले."

"पंधरा?" मी विचारलं.

"दशांशाचं टिंब दाबलंच गेलं नाही. पंप अडला नाही, म्हणून मला वाटलं, बरोबरच असणार. दोन-तीन मिनिटांनी सिरिंज भराभर संपताना दिसली तेव्हा बंद केला."

"मूल?"

"सात महिन्यांचं आहे. नाडी मंदावली होती, मग आली जागेवर. मी ड्युटी संपेपर्यंत तिथून हलले नाही. आत्ताही तिथेच उभी आहे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

ती रडायला लागली. सांगितलं नव्हतं. काल रात्रभर जागी होती, आज सकाळी राजीनामा लिहून खिशात घेऊन आली होती. आपल्या हातांवर आता कोणी मूल सोपवू नये, असं तिला वाटत होतं. माझी पोर एक अख्खी रात्र होस्टेलच्या खोलीत एकटी बसली होती, आणि तिच्या त्या रात्रीखाली माझी सही होती. मला आयुष्यात फार वेळा भीती वाटली आहे, पण एवढी कधीच नाही.

"ऐक," मी म्हटलं. "आधी डॉक्टरांना सांग. आत्ता, फोन ठेवल्या ठेवल्या. आकडा तुझा चुकला हे सांग आणि पंपाने अडवलं नाही हेही सांग. त्याने अडवलं नाही ते माझ्यामुळे. मी साहेबांकडे चालले आहे."

साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ऐकता ऐकताच त्यांनी इस्पितळांना फोन लावायला माणसं बसवली. मुलांच्या वॉर्डातले सगळे पंप बंद. मग कारण लिहायची वेळ आली. बिल्डवाला कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, आपली नोकरी गेलीच असं धरून. साहेब म्हणाले, फॉरमॅटरने क्रम बदलला असं लिहू या, ते काही खोटं नाही. खोटं नव्हतंच. मला चार वर्षांत निवृत्त व्हायचं होतं, आणि त्या वाक्याआड मी सुखाने लपले असते. मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं, क्रमाला महत्त्व आहे हे फक्त मला माहीत होतं, मी ते लिहून ठेवलं नाही, आणि चाचणी न करता सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं. चौकशी संपेपर्यंत तुम्हाला या कोडला हात लावता येणार नाही, एवढंच म्हणाले. बिल्डवाल्याने उठून मला पाणी आणून दिलं.

ओळी जागेवर आल्या, फॉरमॅटर काढून ठेवला आणि चाचणी चौघांनी मिळून केली. साडेपाचला बिल्डवाला लॅपटॉप घेऊन निघाला, बरोबर मीही गेले. वॉर्डात नर्सा घड्याळाकडे बघत थेंब मोजत होत्या. मुलीचे डोळे सुजलेले होते. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं होतं, मुलाला तपासलं होतं. तिच्यावर काय कारवाई होणार ते अजून ठरायचं होतं.

त्या मुलाच्या खाटेशी त्याची आई बसली होती. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हीच का?" मी हो म्हटलं. तिने मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

बिल्डवाल्याने प्रोग्राम भरला. पंपाची नळी मुलापासून सोडवलेलीच होती. मी आकडा टाकायला पुढे झाले, तर मुलीने माझा हात बाजूला केला. तिने एक दाबला, पाच दाबले, आणि बोट सुरू करायच्या बटणावर ठेवून थांबली. मग तिने बटण दाबलं.

पंप ओरडला आणि लाल दिवा लागला. खाटेवरचं मूल दचकून जागं झालं आणि मोठ्याने रडायला लागलं, आणि आम्ही तिघी बायका त्याचं ते रडणं ऐकत राहिलो.