हुन्नटनची टोकीबी

समुद्रापलीकडून आलेल्या डेन फौजेने इंग्लिश लोकांच्या नदीअलीकडच्या जमिनी वाटून घेतल्या, त्या वसंतात टोकी आपली माणसं घेऊन एबाच्या दारात आला. तिचा बाप विगा उंबऱ्यावर आडवा उभा राहिला.

"ही हुन्नटन आहे. हुन्ना माझा आजा. त्याने रान तोडून वसवलेली वाडी."

दोघांच्या बोली चुलत बहिणींसारख्या, टोकीला सगळं कळलं. "तुमचं 'टन', आमचं 'बी'. वाडी ती वाडीच रे म्हाताऱ्या, मालकाचं नाव तेवढं बदलायचं," असं हसत म्हणून त्याने कुऱ्हाड विगाच्या मानेत घातली. एबाने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, पण रक्त बोटांतून उसळतच राहिलं.

बापाला पुरायच्या आधीच टोकीने सगळ्यांना अंगणात उभं केलं. "आजपासून ही टोकीबी. म्हणा!"

म्हातारा मेंढपाळ पेड्डा सवयीने "हुन्न..." म्हणून गेला. टोकीने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचे पुढचे दात पाडले. मग सगळ्यांनी म्हटलं. एबानेही.

टोकीने तिला घरात ठेवून घेतलं. पोरगी झाली, आसा. ती बोलायला लागल्यावर एबा तिच्या कानात जुनं नाव सांगायची.

लोकर कातरायच्या दिवसांत आसा बापाच्या मांडीवर चढून म्हणाली, "बाबा, आपण हुन्नटनचे ना?"

टोकीने तिचा हात धरून असा पिरगाळला, की हाड मोडल्याचा आवाज आला. "आता बोल. कुठली?"

एबाच्या हातात लोकर कातरायची कात्री होती. ती तिने मुठीपर्यंत त्याच्या गळ्यात खुपसली आणि पुन्हा खुपसली. "तूच सांग ना मेल्या, कुठल्या वाडीत मरतोयस?" टोकीच्या तोंडातून नुसता फेस आला.

त्याची माणसं शेतात होती. पोरीला पाठीशी बांधून एबा नदीत उतरली आणि पलीकडच्या, आपल्या इंग्लिश लोकांच्या वाडीचं फाटक बडवू लागली.

"कोण गं तू? कुठली?" राखणदाराने भाला रोखला.

"हुन्नटनची."

"अशी कुठली वाडीच नाही. खरं बोल."

पाठीवरून आसा घाईघाईने ओरडली, "टोकीबी! टोकीबी!"

"मग तसं सांग की, बाई." त्याने फाटक उघडलं.

चुलीजवळ बसून एबाने दोन काठ्या मागितल्या, आणि पोरीचं हाड जागेवर ओढलं. आसा किंचाळत राहिली.