खालच्या रेघेखाली

मी मोटारीच्या इंजिनातली तेल बघायची पट्टी. डिपस्टिक म्हणतात मला. बॉनेट उघडलंत तर इंजिनाच्या कडेला एका नळीत माझं डोकं तेवढं दिसेल. बाकी सगळं अंग आत, काळोखात, तेलात बुडालेलं. अंगावर दोन रेघा आहेत. तेल वरच्या रेघेपाशी असलं तर निर्धास्त निघावं, खालच्या रेघेखाली गेलं तर गाडी जागची हलवू नये. एवढंच मला सांगता येतं, तेही कुणी ओढून बाहेर काढलं तर.

माझा जन्म विलायतेतला. पण आठवणी सगळ्या बेंगळूरच्या. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावर गवीपुरातल्या दोघा भावांनी आमची काळी गाडी जुन्या बाजारातून घेतली. थोरले जयसिंगराव चिकपेठेत कापडाच्या दुकानात होते. गाडी लग्नकार्याला भाड्यानं द्यायची आणि धाकट्या विठोजींनी चालवायची, असं ठरलं.

विठोजी रोज सकाळी इंजिन थंड असताना गाडी सपाट जागी आणत. मला काढून फडक्यानं पुसत, पुन्हा आत घालत आणि मगच काढून बघत. पहिल्या खेपेला नळीला लागलेलं तेलही माझ्या अंगाला येतं, म्हणून त्यावर ते विश्वास ठेवत नसत. इंजिन जुनं, तेल खाणारं. "म्हातारीला तहान फार," असं म्हणत ते डब्यातून स्वल्प स्वल्प ओतत, थांबत, पुन्हा मला बघत. वरच्या रेघेच्या पुढेही जाऊ देत नसत. असे हात मिळाले, म्हणून ते इंजिन तेवढं तरी टिकलं.

एका उन्हाळ्यात विठोजी तुमकूरचं लग्न उरकून आले ते तापानं फणफणतच. गाडी शेडमध्ये लावली आणि त्यांनी अंथरूण धरलं. विषमज्वर निघाला. मला कुणी हात लावला नाही.

ते तापात असतानाच आनेकलहून निरोप आला. जयसिंगरावांच्या बायकोची, अंबुबाईंची आई अत्यवस्थ होती. लेकीचं नाव घेत होती.

जयसिंगरावांना गाडी चालवता येत होती. ते घाईनं शेडमध्ये आले, बॉनेट उघडलं, मला ओढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि पुन्हा बुडवून काढलं. जेमतेम माझं टोक ओलं झालं होतं. त्यांनी ते नीट पाहिलं. डबा हलवून बघितला, तो रिकामा होता. तेलाचं दुकान वाटेत होतं, पण ते उघडायला अवकाश होता. अंबुबाई दाराशी पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या.

"सरी आहे ना गाडी? नीट जाईल ना?" त्यांनी विचारलं.

"सरी आहे. बस तू," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी मला नळीत खुपसलं.

शहर मागे पडलं, तेव्हा आत तेलाचा घोट उरला होता. चढावर तो एका बाजूला जायचा आणि मी कोरडी पडायची. जयसिंगरावांच्या समोर तेलाच्या दाबाचा काटा खाली खाली जात होता. त्या वेळी थांबले असते, तरी इंजिन वाचलं असतं. पण ते एक्क्यातून सुटून पळणाऱ्या घोड्यासारखी गाडी हाणत राहिले. आधी टकटक सुरू झाली, मग लोखंडावर लोखंड घासू लागलं. चंदापूरच्या पुढे एक मोठा दणका बसला, धूर आला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बस येऊन गेली होती. दोघं बरंच अंतर पायी गेली, पुढे बैलगाडी मिळाली. दोघं आनेकलला पोहोचली तेव्हा घरासमोर माणसं जमली होती. आईनं शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावले होते, असं कुणीतरी अंबुबाईंना सांगितलं.

गाडी बैल जोडून परत आणली. कल्लाप्पा मेस्त्रींनी इंजिन उघडलं. बेअरिंगं वितळली होती, एक दांडा मोडला होता. "तेल नव्हतंच आत," ते म्हणाले.

विठोजी नुकते भिंतीला धरून चालायला लागले होते. ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"अण्णा, तुमकूरहून आल्यावर मी तेल घातलं नव्हतं काय? मला काही आठवत नाही."

अंबुबाई मागेच होत्या. जयसिंगरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाले, "मला काय ठाऊक? तू रोज बघतोस, म्हणून मी न बघताच निघालो."

मी तिथेच फळीवर पडले होते. अंगावर दोन्ही रेघा घेऊन.

विठोजींनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ते एका कारखान्यात कामाला लागले. अंबुबाई त्यांना दोष देत नव्हत्या, फक्त बोलत नव्हत्या. पान वाढायचं, पण "आणखी घ्या" म्हणायचं नाही. जयसिंगराव गाडी दुरुस्त करून स्वतः चालवू लागले. मला बाहेर काढून रेघेकडे बघून झालं, तरी ते मला हातात धरून उभे राहायचे.

काही वर्षं अशीच गेली. मग शेजारचे बिंदुमाधव एकदा अंगणात आले. ते एका दवाखान्यात कारकून होते.

"विठोजी, आमच्या अँब्युलन्सला ड्रायव्हर पाहिजे. तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही."

विठोजींनी मान हलवली. "आजारी माणूस माझ्या हाती देऊ नका. माझ्या विसरण्यापायी वैनीला आईचं तोंड दिसलं नाही."

जयसिंगराव बॉनेटवर वाकले होते. मी त्यांच्या हातातच होते. ते तसेच अंगणात आले.

"तू विसरला असशील, नसशील. मी बघितलं होतं," ते म्हणाले. "तेल खालच्या रेघेखाली होतं. बघून निघालो मी. नंतर खोटं बोललो."

बिंदुमाधव गुपचूप उठून गेले. अंबुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या.

"त्या दिवशी दुकान उघडेपर्यंत थांबला असता, तर मी काही म्हटलं नसतं," त्या हळू म्हणाल्या. "इतकी वर्षं मला भावजींशी असं वागू दिलंत."

विठोजी चपलांपाशी गेले. मग म्हणाले, "अण्णा, इंजिनाचं जाऊ दे. मी रोज झोपताना आठवायचा प्रयत्न करत होतो, तेल घातलं की नाही." एवढं बोलून ते चपला घालून बाहेर पडले.

त्यांनी अँब्युलन्सची नोकरी धरली. दवाखान्याजवळ वेगळं बिऱ्हाडही केलं. सणाला येतात, अंबुबाई त्यांना आग्रह करकरून वाढतात. भावाशी ते कामापुरतं बोलतात. जयसिंगराव त्याहून जास्त मागत नाहीत.

आता मी म्हातारी झाले. डोक्याची कडी झिजली, वरची रेघ पुसट झाली. गाडी क्वचित निघते. पण निघण्याआधी जयसिंगराव मला पुसतात, बुडवतात, काढतात आणि हाक मारतात, "अंबू, जरा ये. तू बघून सांग."

त्या येतात, मला उजेडात धरतात आणि दिसेल ते सांगतात. कमी असलं तर ते डबा उघडतात. मग कितीही घाई असो, गाडी थांबते.

तुमच्या गाडीतही माझी एखादी बहीण असेल. तिला अधूनमधून बाहेर काढा. आणि काढलीत, तर तिच्याकडे बघितल्यावर न बघितल्यासारखं करू नका. आम्हाला ओरडता येत नाही.