मालूची मिश्री

ही गोष्ट २०१९ सालची. माझी धाकटी जाऊ मालुबाई हिच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. निपाणीच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांत मिश्री बंद झाली नाही तर बेळगावला नेऊन तुकडा कापावा लागेल. मालू अकराव्या वर्षापासून तंबाखूच्या वखारीत कामाला होती. भाजलेली तंबाखू कुटून दातांना लावायची सवय तिला तिथंच जडली.

डॉक्टरांनी समुपदेशक बाईकडे धाडलं. दर गुरुवारी घरचं सगळं टाकून मी मालूला घेऊन सदलग्याहून बसनं जायची. बाईचं नाव मंजुश्री, वय तिशीचं. चौकशी केल्याशिवाय मी घरचं माणूस कुणाला सोपवत नाही. शिक्षण विचारलं. धारवाडला समाजकार्याची पदवी, मग सहा वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात दारुड्यांबरोबर काम. आपली आईही वखारीतच पाला निवडायची, असं म्हणाली. म्हटलं, मग मालूला एकदा चांगला दम भर.

"आज्जी, दम भरून सुटत असती तर माझ्या आईची पैली सुटली असती," ती म्हणाली. "मी सांगत न्हाय. मी विचारते."

आणि विचारणं तरी किती! मिश्री कधी लावतेस, कुठं बसून, त्याआधी काय झालं होतं. मालूला नीट बोलता येत नाही हे मला चाळीस वर्षं ठाऊक, म्हणून मीच उत्तरं द्यायची. दुसऱ्या खेपेला बाईनं मला बाहेर बाकावर बसवलं.

औषध नाही, गोळी नाही. मालूला लिहिता येत नाही म्हणून दोन डबे ठेवायला सांगितले. जेवून मिश्री लावली तर चिंचोका पितळी डब्यात, वैतागून लावली तर पत्र्याच्या. धारवाडला एवढं शिकून हा पोरखेळ! मी बसमध्ये बोलत राहायची, मालू खिडकीबाहेर बघत राहायची.

पाचव्या गुरुवारी मला आत बोलावलं. टेबलावर पितळी डबा निम्मा आणि पत्र्याचा काठोकाठ. मालूचं पूर्ण होईपर्यंत मधे बोलायचं नाही, असं बाईनं बजावलं. मालूनं पत्र्याचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"आक्का, तुमी हाक मारला की माजा हात डबीकडं जातोय."

"मी काय वाघ हाय व्हय गं?"

"वाघ एकदाच खातोय की."

बाई हसली नाही. मला उठून जावंसं वाटलं, पण त्या चट्ट्याची आठवण झाली आणि बसून राहिले.

त्या दिवसापासून हाक बंद. काही हवं असलं तर गुडघे धरत मालूजवळ जायचं आणि हळू विचारायचं. पहिल्याच दिवशी सातदा जीभ चावली. दूध उतू जाताना दिसत होतं, तरी बोलले नाही. असला वैताग मी उभ्या जन्मात सोसला नव्हता.

तीन महिन्यांनी मालूची सकाळची एकच मिश्री उरली होती. डॉक्टरांनी चट्टा मोजला, तो आकसला होता. कापणं टळलं. उरलेली एक पुढच्या वर्षी सुटली.

मंजुश्री आता बेळगावला असते. तिच्या आईची मिश्री अजून सुटलेली नाही म्हणे. मालू मच्छे गावाला मुलाकडं, सौरवकडं राहते आणि सुनेला दिवसभर कामं सांगते. मी सदलग्यातच आहे. शेजारच्या गुणाबाईला हाका मारते. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळं बरं चाललंय.